डबा माझा, कुलूप कुणाचं?

२००१ सालच्या एका गेम कन्सोलला काही हौशी पोरांनी घरचा मीडिया प्लेअर बनवलं. त्या खटपटीतून जन्मलेलं सॉफ्टवेअर आज जगभरच्या टीव्हींवर चालतं. आणि तेव्हा पडलेला प्रश्न अजूनही तसाच उभा आहे.

हॉस्टेलची रूम. जुना मॉनिटर, त्याच्या मागे दोन रबरबँडांनी अडकवलेला रास्पबेरी पाय आणि पेन ड्राइव्हवर परीक्षा संपल्यावर बघायच्या सिनेमांची रांग. इंजिनीअरिंग कॉलेजात हे दृश्य काही नवीन नाही. मॉनिटरवर सिनेमांच्या पोस्टरांची जी देखणी भिंत दिसते, ती बऱ्याचदा ‘कोडी’ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरची असते. स्वतःचा मीडिया सर्व्हर वगैरे थाट असलेला एखादा मित्र असेल, तर तो ‘प्लेक्स’चं नाव घेईल. पण या दोघांची कुंडली मांडली, तर मूळपुरुष एकच निघतो. जवळपास चार किलोचा, काळाकुट्ट, टीव्हीखालचा अर्धा कप्पा अडवणारा गेमचा डबा. मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स.

गंमत म्हणजे, या डब्याने घरभरचे सिनेमे आणि गाणी वाजवावीत असं तो बनवणाऱ्या कंपनीच्या मनातही नव्हतं. त्याने फक्त कंपनीने मंजूर केलेले गेम चालवावेत, बाकी काही नाही, यासाठी त्याला पक्कं कुलूप घातलं होतं. ते कुलूप कुणी, कसं आणि का उघडलं, याची ही गोष्ट. आणि ती फक्त गेमवाल्यांची नाही. फोन, लॅपटॉप, टीव्ही, इअरबड्स अशी कुठलीही वस्तू पैसे मोजून घेणाऱ्या प्रत्येकाची आहे.

गेमच्या वेशातला कॉम्प्युटर

एक्सबॉक्स अमेरिकेत बाजारात आला १५ नोव्हेंबर २००१ रोजी. किंमत २९९ डॉलर. आत काय होतं? इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्झचा, पेंटियम थ्री घराण्यातला प्रोसेसर. ६४ एमबी रॅम. एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप. आठ किंवा दहा जीबीची हार्ड डिस्क. डीव्हीडी ड्राइव्ह. आणि मागे चक्क नेटवर्क केबलचं पोर्ट.

आजच्या हिशेबाने हे हास्यास्पद वाटेल. तुमच्या चार जीबीवाल्या साध्या फोनमध्ये त्याच्या चौसष्टपट रॅम असते. पण तेव्हाच्या गेम कन्सोलसोबत हार्ड डिस्क मिळणं ही चैन होती. थोडक्यात, हा कन्सोल कमी आणि कॉम्प्युटर जास्त होता. फक्त कीबोर्ड-माऊसऐवजी हातात कंट्रोलर होता. त्या कंट्रोलरची जोडणीही मुळात यूएसबीच होती. नेहमीची वायर बसू नये म्हणून प्लगचा आकार तेवढा बदललेला.

मे २००२ मध्ये किंमत उतरून १९९ डॉलर झाली. टीव्हीला थेट जोडता येईल आणि होम थिएटरला पाच-सहा स्पीकरांचा आवाज देईल असा कॉम्प्युटर तेव्हा त्या पैशांत जुळवणं अवघड होतं. मग कंपनीला हे परवडत कसं होतं? परवडत नव्हतंच. प्रत्येक डबा तोट्यात विकला जायचा. पैसा वसूल व्हायचा तो गेममधून, कारण विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे कंपनीला वाटा मिळायचा. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तसाच हिशेब.

म्हणून तर कुलूप. डब्यावर कुणीही काहीही चालवू लागलं, तर वसुली कुठून होणार? डीव्हीडी ड्राइव्ह आत असूनही डब्यावर सिनेमाची डीव्हीडी आपोआप लागत नसे. त्यासाठी रिमोटचा वेगळा संच घ्यावा लागे, जवळपास ३० डॉलरचा. डीव्हीडीच्या परवान्याची फी प्रत्येक डब्यामागे भरण्यापेक्षा ज्याला सिनेमा बघायचाय त्याच्याकडूनच ती घ्यावी, असं त्यामागचं गणित. व्यवहार म्हणून चूक काहीच नाही. पण ज्याने डबा विकत आणला, त्याच्या डोक्यात एक किडा मात्र वळवळू लागला. ड्राइव्ह माझ्या घरात, डिस्क माझ्या हातात, मग अडवतंय कोण?

५१२ बाइटांचं गुपित

अडवणारी गोष्ट होती अवघ्या ५१२ बाइटांची. व्हॉट्सअॅपवरचा एखादा लांबलचक मेसेज याहून मोठा असतो.

डबा चालू केला की प्रोसेसर सगळ्यात आधी हे छोटंसं प्रोग्रॅम वाचायचा. ते मदरबोर्डवरच्या एका चिपच्या पोटात दडवलेलं होतं. त्यातच १६ बाइटांची एक किल्ली होती. त्या किल्लीने पुढचं सॉफ्टवेअर उलगडायचं, ते आणखी पुढचं तपासणार, आणि शेवटी गेमच्या डिस्कवर कंपनीची डिजिटल सही आहे की नाही हे बघितलं जाणार. सही नसेल तर गेम चालणार नाही. साखळीतली पहिली कडी सुरक्षित, म्हणजे सगळी साखळी सुरक्षित, असा तो विचार.

या पहिल्या कडीपर्यंत पोहोचला एमआयटीमध्ये पीएच.डी. करणारा अँड्र्यू हुआंग. सगळे त्याला ‘बनी’ म्हणून ओळखतात. त्याने पाहिलं, की गुपित एका चिपमध्ये लपवलेलं असलं तरी ते प्रोसेसरपर्यंत पोहोचताना दोन चिपांमधल्या तारांवरून जातं. आणि त्या रस्त्यावर ते उघडंच असतं, कुठल्याही बुरख्याशिवाय. तिजोरी पोलादी, पण पैसे बँकेत नेताना पारदर्शक पिशवीतून. अडचण एकच होती, त्या रस्त्यावरची वाहतूक प्रचंड वेगवान. मग त्याने त्या तारांवर बसेल असा एक छोटा सर्किट बोर्ड स्वतः बनवला, वाहतूक टिपली आणि त्यातून किल्ली शोधून काढली. २००२च्या मे महिन्यात त्यावरचा शोधनिबंध तयार होता.

इथपर्यंत ऐकायला भारी वाटतं. पुढचा भाग तेवढा भारी नाही. अमेरिकेत १९९८ पासून डीएमसीए नावाचा कायदा आहे. कॉपीराइटच्या रक्षणासाठी बसवलेलं डिजिटल कुलूप फोडणं हेच त्या कायद्यानं मोजके अपवाद सोडता बेकायदा ठरवलं. तुम्ही आतून काही चोरलंत की नाही, हा पुढचा प्रश्न. म्हणजे स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या डब्याचा अभ्यास केल्याबद्दल एका विद्यार्थ्यावर खटला होऊ शकत होता. बनीने पुढे लिहिलं आहे, की विद्यापीठाच्या कायदा विभागाने त्याच्या या कामाशी आपला संबंध नसल्याचं पत्र त्याला पाठवलं. तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले ते डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशनचे वकील आणि काही प्राध्यापक. अखेर निबंध प्रसिद्ध झाला. नंतर त्याने ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ हे पुस्तक लिहिलं, तर ठरलेल्या प्रकाशकाने याच कायद्याच्या भीतीने माघार घेतली. बनीने ते २००३ मध्ये आधी स्वतःच काढलं. २०१३ मध्ये, आरन स्वार्ट्झच्या मृत्यूनंतर, त्याच्या स्मरणार्थ ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं.

आपल्याकडे ‘हॅकर’ म्हटलं की बँक खातं साफ करणारा भामटा डोळ्यांसमोर येतो. बनीचं पुस्तक वाचलं की कळतं, तो प्रकार वेगळा. सोल्डरिंग कसं करायचं, सर्किट कसं वाचायचं, हे शिकवणारं ते पुस्तक आहे.

सेव्ह गेम झाला फितूर

किल्ली सापडली तरी प्रत्येकाने बोर्डाला तारा लावत बसायचं का? सुरुवातीला तसंच होतं. ‘मॉडचिप’ नावाची छोटी चिप मदरबोर्डवर सोल्डर केली, की डबा कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी त्या चिपवरून चालू व्हायचा. पण सोल्डरिंग सगळ्यांना जमत नाही. मग २००३ मध्ये एक असा रस्ता सापडला, ज्यात स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नव्हता.

समजा, परीक्षेच्या फॉर्मवर नावासाठी वीस चौकोन आहेत. एका पठ्ठ्याने चाळीस अक्षरं लिहिली. जादाची अक्षरं खालच्या ‘मिळालेले गुण’ या रकान्यात जाऊन पडली आणि कारकुनाने डोळे झाकून तेच गुण रजिस्टरला चढवले. एक्सबॉक्सच्या काही गेममध्ये नेमकं हेच झालं. जेम्स बाँडचा ‘एजंट अंडर फायर’, ‘मेकअसॉल्ट’ आणि ‘स्प्लिंटर सेल’ हे त्यातले गाजलेले तीन. गेमची डिस्क अस्सल, सही बरोबर, सगळं कायदेशीर. पण हा गेम जी ‘सेव्ह’ फाइल उघडायचा, तिच्यातला मजकूर अपेक्षेपेक्षा लांब असेल तर तो मोजून न घेता मेमरीत ओतायचा. मुद्दाम तयार केलेली सेव्ह फाइल दिली, की जादाचा मजकूर हुकूम म्हणून चालायचा.

त्यात एक्सबॉक्सची रचना अशी, की वेग मिळावा म्हणून गेमला सगळेच अधिकार दिलेले. चौकीदार आणि मालक वेगळे नव्हतेच. त्यामुळे गेम ताब्यात आला, की अख्खा डबा ताब्यात. बदल कायम राहावा यासाठी आणखी एक फट उपयोगी पडली. डब्याचा मुख्य मेन्यू सुरू होताना फाँटच्या फाइल वाचायचा, पण त्या अस्सल आहेत का हे तपासायचा नाही. बिघडवलेले फाँट हार्ड डिस्कवर टाकले, की झालं. डबा उघडायचा नाही, चिप नाही. याला नाव पडलं ‘सॉफ्टमॉड’.

स्टडीतला सिनेमा हॉलमध्ये

आता कळीचा प्रश्न. एवढं सगळं कशासाठी? काहींना लिनक्स चालवायचं होतं. काहींना गेमच्या चोरट्या कॉप्या खेळायच्या होत्या, हेही खरं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण एका गटाची अडचण अगदी घरगुती होती.

तो काळ आठवा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत मावेल इतका आवळून ठेवणारं ‘डिव्हएक्स’ तंत्र तेव्हा जोरात होतं. गाणी एमपीथ्रीमध्ये. हे सगळं साठवलेलं असायचं कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटर असायचा आतल्या खोलीत. टीव्ही हॉलमध्ये. मधे भिंत. घरच्या सगळ्यांना सोबत बसून सिनेमा बघायचा, तर कॉम्प्युटर उचलून बाहेर आणायचा किंवा चौघांनी सतरा इंची मॉनिटरसमोर मान वाकडी करून बसायचं. आणि हॉलमध्ये टीव्हीखाली काय होतं? नेटवर्कचं पोर्ट असलेला, टीव्हीला जोडलेला, आवाजाची उत्तम सोय असलेला एक डबा. फक्त कुलूप लावलेला.

२००२ मध्ये ‘एक्सबॉक्स मीडिया प्लेअर’वर काम सुरू झालं. करणारे होते फ्रोडो, रनटाइम आणि डी७ओ३जी४क्यू अशी टोपणनावं घेणारे हौशी प्रोग्रॅमर. त्यांनी चाक नव्याने शोधलं नाही. लिनक्सवर चालणारा ‘एमप्लेअर’ आणि ‘एफएफएमपेग’ यांचा खुला कोड घेतला आणि तो या डब्यावर बसवला. मुक्त सॉफ्टवेअरचा फायदा हाच. कुणीतरी एकदा केलेलं काम दुसऱ्याला पुढे नेता येतं, फक्त आपणही आपलं काम खुलं ठेवायचं.

२००३ च्या डिसेंबरात तो प्लेअर थांबवून नव्याने मांडणी झाली आणि २९ जून २००४ रोजी ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’, म्हणजे एक्सबीएमसीची पहिली पक्की आवृत्ती आली. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर ‘शेअर’ करायचा, हॉलमधल्या डब्याला नेटवर्कची वायर लावायची, सोफ्यावर बसून कंट्रोलरने सिनेमा निवडायचा. सबटायटल, गाण्यांच्या याद्या, फोटो, इंटरनेट रेडिओ, हवामान, सगळं एकाच पडद्यावर. शिवाय पायथॉन येणाऱ्या कुणालाही त्यात आपली छोटी जोड लिहिता यायची. आणि हे सगळं ६४ एमबी रॅममध्ये! आज एक साधं अॅप उघडायला यापेक्षा जास्त मेमरी लागते. कोडिंग शिकणाऱ्यांनी हा जुना कोड एकदा तरी चाळावा तो यासाठी. हातात कमी असलं की डोकं कसं चालतं, ते त्यात दिसतं.

पण कायद्याची काडी इथेही होतीच. एक्सबॉक्ससाठी प्रोग्रॅम तयार करायचा, तर मायक्रोसॉफ्टचा ‘डेव्हलपमेंट किट’ लागायचा आणि तो फक्त परवानाधारक कंपन्यांना मिळायचा. त्यामुळे एक्सबीएमसीच्या टीमने एक पथ्य पाळलं. त्यांनी फक्त सोर्स कोड दिला, चालवायला तयार प्रोग्रॅम कधीच नाही. पाककृती आमची, भांडी तुम्ही बघा. तयार प्रोग्रॅम लोकांपर्यंत पोहोचले ते आडवाटेने. सगळ्या बाजूंनी खुलं असलेलं सॉफ्टवेअर, आणि ते रांधायची चूल मात्र बंद घरात.

झाड कुंडीबाहेर गेलं

२००५ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स ३६० आला आणि जुना डबा निवृत्तीला लागला. हाय-डेफिनिशन व्हिडिओ आले, ते त्या ७३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला पेलेनात. इथे एक्सबीएमसी संपायला हवं होतं. झालं उलटंच. कोड खुला होता, म्हणून २००७ मध्ये तो लिनक्सवर नेण्याचं काम सुरू झालं. त्याच सुमाराला एकाने तो मॅकवर नेला आणि त्या फांदीचं पुढे ‘प्लेक्स’ झालं. ‘बॉक्सी’ नावाची कंपनी याच कोडावर उभी राहिली. विंडोज आलं, पुढे रास्पबेरी पाय आणि अँड्रॉइडही. २०१० मध्ये टीमने जाहीर केलं, की ज्या डब्यावर जन्मलो त्याच्यासाठी आता आम्ही काम करणार नाही. काही निष्ठावंतांनी वेगळी चूल मांडून जुन्या डब्याची आवृत्ती चालू ठेवली. आणि २०१४ मध्ये नाव बदललं. एक्सबॉक्सशी काही संबंधच उरला नाही, तर नावात तरी ‘एक्स’ कशाला? एक्सबीएमसीचं ‘कोडी’ झालं.

आता दुसरी बाजू बघा. जुन्या एक्सबॉक्सची ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही अधिकृत ऑनलाइन सेवा कंपनीने १५ एप्रिल २०१० रोजी बंद केली. कंपनीच्या सेवेवर विसंबलेला भाग त्या दिवशी मेला. लोकांनी स्वतः उघडून जोडलेला भाग अजून चालतो.

मग चोरीचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. कुलूप उघडलं की सिनेमा बघणाराही आत येतो आणि चोरही. कोडीलाही ही डोकेदुखी भोगावी लागली. कोडी स्वतः कुठलाही सिनेमा देत नाही, तुमच्याकडे आहे तेच दाखवतो. पण चोरट्या साइटच्या जोडण्या आधीच भरून ‘सगळं फुकट’ म्हणून डबे विकणारे निघाले. कोडीच्या टीमने त्यांच्याशी संबंध नसल्याचं वारंवार सांगितलं. नेदरलँड्समधल्या ‘फिल्मस्पेलर’ नावाच्या अशाच डब्याच्या खटल्यात २६ एप्रिल २०१७ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं, की असे डबे विकणं हाच कॉपीराइटचा भंग आहे. योग्यच.

पण ‘चोर येईल’ म्हणून घरमालकाला स्वतःच्या घराची किल्लीच द्यायची नाही, हे कितपत बरोबर? सोनीच्या प्लेस्टेशन थ्रीचं उदाहरण घ्या. त्यावर लिनक्स चालवता येईल, अशी सोय कंपनीनेच दिली होती. त्या भरवशावर अमेरिकेच्या हवाई दलाने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन जोडून एक महासंगणक उभा केला. आणि १ एप्रिल २०१० रोजी एका अपडेटने सामान्य ग्राहकांची ती सोय काढून घेतली. अपडेट घेतलं नाही तर ऑनलाइन खेळता येणार नाही, घेतलं तर लिनक्स गेलं. विकत घेताना जे होतं, ते विकल्यानंतर परत काढून घेतलं. अमेरिकेत त्यावर खटला झाला आणि पुढे तडजोड.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप फोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला ‘हेतू’ हा शब्द अधोरेखित करा. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी आणि एन्क्रिप्शनच्या संशोधनासाठी याच कलमात सूटही आहे. म्हणजे आपला कायदा कुलपाकडे नाही, कुलूप उघडणाऱ्याच्या मनाकडे बघतो. बनीला जी धाकधूक सहन करावी लागली, तिचा विचार करता ही छोटी गोष्ट नाही. अमेरिकेनेही २०२१ मध्ये कन्सोलच्या डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती सवलत दिली. आणि भारत सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या हे तिचे विषय. ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर कुणाचं, हा प्रश्न आणि एक्सबॉक्सचं कुलूप कुणाचं, हा प्रश्न एकाच जातीचे आहेत.

हाताशी जुना डबा असेल तर

अमेरिकेतल्या मामा-काकांनी कधीतरी आणलेला पहिला एक्सबॉक्स माळ्यावर पडलेला असेल, तर हे वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

१. आधी व्होल्टेज. अमेरिकेतला डबा तिथल्या ११०-१२० व्होल्टसाठी बनवलेला. आपल्या २३० व्होल्टला लावला तर धूर निघेल. मागचं लेबल वाचा, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा.

२. घड्याळाचा कपॅसिटर. वेळ लक्षात ठेवण्यासाठी मदरबोर्डवर एक कपॅसिटर आहे. १.६ ही शेवटची आवृत्ती सोडली, तर इतर डब्यांमध्ये तो कालांतराने गळतो आणि बोर्डावरच्या तारा खाऊन टाकतो. गेम बरोबर चालत असले तरी तो काढून बोर्ड साफ करून घ्या. फार तर घड्याळ चुकेल. डबा उघडायला टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराचे टी-२० आणि टी-१० स्क्रू ड्रायव्हर लागतात. काही स्क्रू खालच्या स्टिकर आणि रबरी पायांखाली लपलेले असतात. प्लग काढूनही पॉवर सप्लायच्या भागात करंट साठलेला असू शकतो, तिथे बोटं घालू नका. सोल्डरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या सीनियरला सोबत घ्या.

३. सॉफ्टमॉड. वर सांगितलेल्या तीनपैकी एका गेमची जुनी अस्सल डिस्क आणि मेमरी कार्ड लागेल. अलीकडे गेमशिवाय, नुसत्या मेमरी कार्डवरून चालणारी पद्धतही निघाली आहे.

४. ईईप्रॉमचा बॅकअप. ही पायरी गाळू नका. एक्सबॉक्सची हार्ड डिस्क पासवर्डने बंद असते आणि त्या पासवर्डचं मूळ मदरबोर्डवरच्या ईईप्रॉम नावाच्या चिपमध्ये असतं. बॅकअप नसताना डिस्क गेली, तर मूळ सॉफ्टवेअरवरचा डबा ठोकळा होऊन बसेल. फाइल मेल करून स्वतःलाच पाठवून ठेवा.

५. मोठी डिस्क. आतली डिस्क जुन्या आयडीई पद्धतीची. अडॅप्टर लावून साटा डिस्क बसते. फाइलचं नाव ४२ अक्षरांच्या आत आणि एक फाइल चार जीबीच्या आत ठेवा, त्यापलीकडे डब्याची फाइल सिस्टीम जात नाही.

६. फाइल पोहोचवणं. जुना एक्सबीएमसी फोल्डर शेअरिंगची जी पद्धत वापरतो, ती आजचं विंडोज सुरक्षेच्या कारणाने बंद ठेवतं. ती चालू करण्याच्या फंदात पडू नका. एफटीपीने फाइल थेट डब्याच्या डिस्कवर टाका.

७. अपेक्षा बेताच्या. डीव्हीडीच्या दर्जाचे व्हिडिओ आणि गाणी मस्त चालतील. फुल एचडी विसरा. फोनवर काढलेले आजचे व्हिडिओ आधी बारीक करून घ्यावे लागतील.

डबा नसेल तर? मुद्दाम शोधून महागड्या भावात घेऊ नका. आठ-दहा वर्षांपूर्वीचा, बॅटरी मेलेला लॅपटॉप किंवा प्रोजेक्ट संपल्यावर ड्रॉवरमध्ये पडलेला रास्पबेरी पाय घ्या. ‘लिब्रेइलेक’ नावाची छोटी लिनक्स प्रणाली त्यावर टाका, ती सुरू होते ती थेट कोडीमध्येच. एका संध्याकाळचं काम आहे. आजोबांची जुनी नाट्यसंगीताची रेकॉर्डिंग्ज, आई-बाबांच्या लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेली डीव्हीडी, गॅदरिंगचे व्हिडिओ, हे सगळं घरच्या टीव्हीवर, जाहिराती आणि महिन्याच्या हप्त्याशिवाय.

यात पैसे वाचतात हा भाग आहेच. पण त्याहून मोठा भाग वेगळा. स्ट्रीमिंगवरचा सिनेमा उद्या यादीतून गायब झाला, तर तुम्ही काहीही करू शकत नाही. स्मार्ट टीव्हीला अपडेट मिळायचं थांबलं आणि एकेक अॅप बंद पडत गेलं, तर पॅनल ठणठणीत असूनही दुकानदार ‘नवीन घ्या’ म्हणतो. अशा वेळी ‘हे उघडून बघता येईल का?’ असं विचारणारा एक तरी माणूस घरात हवा. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो प्रश्न ज्यांनी विचारला, त्यातले बरेच जण टोपणनावाने वावरणारे, फावल्या वेळात काम करणारे हौशी लोक होते.

दिवाळीची साफसफाई येतेय. माळ्यावरून काहीतरी जुनं, धूळ खाल्लेलं खाली येईल आणि खाली भंगारवाला काटा घेऊन उभा असेल. किलोचा भाव ठरवण्याआधी एकदा त्या वस्तूच्या पाठीमागचं लेबल वाचा. आत काय आहे ते शोधा. भंगारवाला पुढच्या आठवड्यातही येतोच.